जुलैतला चौथा शनिवार आणि वशिंडाचा वळू

शायेनच्या रोडिओ मैदानामागे, म्हणजे जिथे उसळत्या वळूंवर बसण्याचे खेळ होतात त्या मैदानामागे, लोखंडी नळ्यांची लांबलचक वाडगी आहेत. संध्याकाळच्या खेळासाठी आणलेले वळू दुपारी तिथे उभे असतात. जुलैतल्या चौथ्या शनिवारी मी वडिलांना घेऊन तिथे गेलो होतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्समधल्या आमच्या घरापासून वायोमिंग राज्याची ही राजधानी सत्तरेक किलोमीटरवर आहे. दोन महिन्यांसाठी आलेल्या आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळलेल्या अण्णांना काहीतरी दाखवायचे, एवढाच माझा हेतू होता. मैदानाकडे जाणाऱ्या गर्दीतल्या टोप्या, रुपयाएवढ्या नव्हे तर बशीएवढ्या पट्ट्याच्या बकला आणि टाचांचे बूट यांच्याकडे अण्णांनी फारसे पाहिले नाही. ते वाडग्याच्या नळीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. समोरच्या राखी रंगाच्या जनावराकडे बराच वेळ पाहून झाल्यावर ते म्हणाले, "ह्याला वशिंड हाय रं."

मी म्हटले, "असेल, अण्णा. रोडिओचा बैल आहे तो."

"बैल कुठला, वळू हाय. आणि ही गळ्याखालची पोळी बघ, पार गुडघ्यापातुर. कान बघ कसं पडल्यात. ही जात हितली न्हवं."

त्या वेळी मला ते पटले नाही. पुढे अण्णाच बरोबर निघाले. ती हकीकत ओघात येईलच. आधी तो शनिवार कसला होता ते सांगितले पाहिजे, कारण मैदानाच्या दारात फलक होता आणि निवेदक भोंग्यावरून पुन्हा पुन्हा आठवण करून देत होता की आज 'नॅशनल डे ऑफ द काउबॉय', म्हणजे राष्ट्रीय काउबॉय दिन आहे.

हा सण जुना नाही. अमेरिकेच्या सिनेटने पहिला ठराव केला तो २००५ साली, आणि त्या वर्षीचा २३ जुलै हा शनिवार त्यासाठी नेमून दिला. ठराव मांडणारे सिनेटर क्रेग थॉमस वायोमिंगचे होते. ते २००७ मध्ये वारले आणि त्यांच्याच राज्याचे दुसरे सिनेटर माइक एन्झी यांनी ते काम पुढे नेले. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते. तो त्या वर्षापुरता असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडावा लागतो, म्हणजे आपल्याकडच्या सालगड्यासारखा तो दर पाडव्याला नव्याने ठरवायचा. म्हणून बेथनी ब्रेली यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने एकेका राज्याच्या विधिमंडळाचा दरवाजा ठोठावायला सुरुवात केली. २०१२ मध्ये वायोमिंगने हा दिवस कायमचा केला आणि असे करणारे ते पहिले राज्य ठरले. त्यानंतर इतर राज्ये एकामागून एक आली.

सिनेटच्या ठरावात काउबॉयच्या गुणांची यादी आहे: प्रामाणिकपणा, सचोटी, धैर्य, करुणा, आदरभाव, कष्टाळूपणा आणि देशभक्ती. वायोमिंग तर आणखी पुढे गेले. २०१० मध्ये त्या राज्याने काउबॉयच्या नीतीवर आधारलेली दहा वचने राज्याची आचारसंहिता म्हणून स्वीकारली. त्यांतले कमी बोलावे आणि नेमके बोलावे अशा अर्थाचे वचन मला मनापासून आवडते, मात्र ते विधिमंडळाने मंजूर करावे याची गंमतही वाटते. गुणांचा गौरव करायला सरकारला काही खर्च येत नाही. त्या यादीत मजुरीचा शब्द नाही, हे माझ्या लक्षात आले ते अण्णांच्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न मी शेवटी सांगेन, कारण त्याचे उत्तर मी त्या दिवशी मिळवू शकलो नाही.

ज्या वॉशिंग्टनमध्ये २००५ साली ही सद्गुणांची यादी मंजूर झाली, तिथेच ६ डिसेंबर १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या वार्षिक संदेशातही 'काउबॉय' हा शब्द आला होता. तिथे त्याचा अर्थ सशस्त्र गुंडांची टोळी असा होता. ॲरिझोना प्रदेशात पन्नास ते शंभर जणांची ही टोळी महिनोन्महिने धुमाकूळ घालत असून स्थानिक अधिकाऱ्यांना आवरत नाही, अशी ती तक्रार होती. त्या काळी त्या प्रदेशातल्या टूम्स्टोन गावाच्या परिसरात एखाद्या भल्या गुरेपालकाला काउबॉय म्हणणे ही शिवी ठरली असती. शिवीपासून राष्ट्रीय दिनापर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याचा मोठा वाटा गुरांच्या पाठीमागे नव्हे तर खेळाच्या रिंगणात पार पडला. १८८३ मध्ये विल्यम कोडी, म्हणजेच बफेलो बिल, यांनी आपला 'वाइल्ड वेस्ट' हा खेळ सुरू केला, बक टेलर नावाच्या उंचापुऱ्या घोडेस्वाराला काउबॉयांचा राजा म्हणून लोकांपुढे उभे केले आणि १८८७ मध्ये तो सगळा लवाजमा लंडनला नेऊन राणी व्हिक्टोरियालाही दाखवला. ज्या वर्षी हा खेळ सुरू झाला, त्याच वर्षी टेक्सासच्या उत्तर टोकाला खऱ्या काउबॉयांनी संप केला होता. तो संप कोणत्याही रिंगणात दाखवला गेला नाही.

संपाकडे येण्यापूर्वी त्यांचे काम काय होते ते पाहिले पाहिजे. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट फिरत होती. कित्येकांच्या अंगावर मालकीचा डागही नव्हता. तिथे जनावराला चार डॉलर मिळणे कठीण होते, तर उत्तरेकडच्या शहरांत त्याच जनावराचे चाळीस डॉलर येत. मधल्या अंतरात आगगाडी नव्हती. जोसेफ मॅकॉय या इलिनॉयच्या व्यापाऱ्याने १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीन या किरकोळ वस्तीत लोहमार्गाशेजारी गुरांचे वाडे बांधले, आणि टेक्सासहून तिथपर्यंत कळप पायी चालवत नेण्याचा धंदा भरभराटीला आला. या वाटेला ज्याचे नाव मिळाले तो जेसी चिझम अर्धा चेरोकी होता. तो व्यापारी होता, काउबॉय नव्हे.

दोन-तीन हजार जनावरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालायचे, कारण त्याहून जास्त चालवले तर जनावर वाळते आणि बाजारात किंमत पडते. जाणती माणसे पुढे असत, आणि नवख्या पोराला कळपाच्या शेपटाला लावत, जिथे हजारो खुरांची धूळ नाकातोंडात जाते. रात्री दोघादोघांनी पाळी लावून कळपाभोवती संथपणे घोडे फिरवायचे आणि फिरताना काहीबाही गुणगुणत राहायचे. हे गाणे करमणुकीसाठी नव्हते. अंधारात अचानक झालेल्या आवाजाने कळप बुजून उधळतो. ओळखीचा माणसाचा आवाज सतत कानावर पडत राहिला तर जनावर निवांत रवंथ करते. आमच्या गावात रात्री गोठ्यात शिरणारा माणूस खोकून किंवा 'हो हो' करूनच आत जातो, ते याचसाठी.

चार्ल्स गुडनाइट या टेक्सासच्या गुरेपालकाने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागच्या बाजूला खणांचे कपाट बसवून फिरते स्वयंपाकघर तयार केले. त्याची फळी खाली उघडली की ओटा होई. शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया, खारवलेले डुकराचे मांस, आंबवलेल्या पिठाचा पाव आणि कडक कॉफी हा रोजचा शिधा होता. त्या गाडीचा आचारी रात्री झोपण्याआधी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरून आले तरी उत्तर कुठे आहे ते मुकादमाला कळे. पुढे ज्या टोपीवरून काउबॉय ओळखला जाऊ लागला, ती टोपी जॉन स्टेटसन फिलाडेल्फिया शहरात बनवत असे. काउबॉयचे जे चित्र जग ओळखते त्यातला बराच माल असा पूर्वेकडच्या कारखान्यांतला आहे, पण ही दांडी ध्रुवाकडे वळवण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची होती.

या सगळ्याची मजुरी महिन्याला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे दिवसाला डॉलरभर. खोगीर स्वतःचे, घोडे बहुधा मालकाचे. हंगाम संपला की बहुतेकांना रजा. मार्च १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकावरच्या मोठ्या रँचांवरील, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण रानांवरील, २४ जणांनी महिना ५० डॉलरची मागणी करणाऱ्या कागदावर सह्या केल्या. त्यांनी स्वयंपाक्यासाठीही तेवढेच मागितले होते, हे मला विशेष वाटते. ज्याच्या हातचे जेवलो त्याचीही मजुरी बोलून घ्यावी, एवढे भान त्या चोवीस जणांना होते. संप सुमारे अडीच महिने चालला आणि मोडला. मालकांना बदली माणसे सहज मिळाली, कारण हातात घोडा धरता येणारी बेकार पोरे त्या मुलखात पुष्कळ होती.

हा काळ अवघा वीस वर्षांचा होता. जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळ्या माळाला हळूहळू कुंपण पडले, लोहमार्ग दक्षिणेकडे सरकले, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानांवर इतके बर्फ पडले की गुरे उभ्या जागी मेली. डाकोटात रँच चालवणाऱ्या थिओडोर रूझवेल्ट यांचाही निम्म्याहून अधिक कळप गेला. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि आपल्या रँचवरच्या दिवसांविषयी आयुष्यभर बोलत राहिले. बर्फ वितळल्यावर मेलेल्या गुरांची कातडी सोलण्याचे काम ज्यांना मिळाले, त्यांच्यासाठी तो हिवाळा आठवण सांगण्याजोगा नव्हता.

आणि हे सगळे कोण होते, असा प्रश्न विचारला की मैदानाबाहेरच्या फलकावरचे चित्र अपुरे पडते. तिथे उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा एकटा पुरुष होता. प्रत्यक्षात या धंद्याची भाषाच स्पॅनिश आहे. घोड्यावरून गुरे राखणारा मेक्सिकोतला वाकेरो हा काउबॉयचा गुरू होता. 'रँच' हा शब्द 'रांचो'वरून आला, 'रोडिओ' हा गुरे घेरून गोळा करण्याच्या 'रोदेओ'वरून, 'लॅसो' हा 'लासो'वरून, आणि 'मस्टँग' हा 'मेस्तेन्यो'वरून. खुद्द वाकेरोचाही उच्चार इंग्रजी तोंडात बिघडून 'बकरू' झाला. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून पाव आणि बटाटा घेऊन आपण ते घरचेच मानले. तसे इथे झाले आहे, फरक इतकाच की पावाच्या नावाने आपण कोणत्याही गुणांचा ठराव केला नाही.

टेक्सासच्या वाटेवरच्या काउबॉयांपैकी चौघांतला एक कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांच्यातला जॉर्ज मॅकजंकिन मला सर्वांत जवळचा वाटतो. टेक्सासमध्ये १८५१ साली गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस पुढे न्यू मेक्सिकोतल्या एका रँचचा मुकादम झाला. १९०८ मध्ये फोल्सम गावाजवळ मोठा पूर आला. त्यानंतर कुंपणे तपासत फिरताना त्याला ओढ्याच्या खचलेल्या काठात खूप खोलवर हाडे दिसली. गुराढोरांत आयुष्य काढलेल्या माणसाला ती साध्या गव्याची नाहीत हे कळले, कारण त्यांचा आकार मोठा होता. त्याने जाणत्यांना कळवण्याची पराकाष्ठा केली. तज्ज्ञ तिथे खोदायला आले ते १९२६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. नामशेष झालेल्या गव्यांच्या बरगड्यांमध्ये माणसाने घडवलेली दगडी टोके सापडली आणि अमेरिकेतल्या माणसाचा इतिहास हजारो वर्षे मागे गेला. ओकलाहोमातल्या राष्ट्रीय काउबॉय संग्रहालयाने २०१९ मध्ये त्याचे नाव आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घातले. हाडांकडे असे पाहण्याची नजर कुठून येते, हे वाडग्याच्या नळीवर टेकलेल्या अण्णांकडे पाहताना मला कळत होते.

शायेनच्याच मैदानात १९०८ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. १८९७ पासून भरणाऱ्या या जत्रेत त्या वर्षी हवाई बेटांवरून काही गुराखी आले. त्यांना तिकडे पानिओलो म्हणतात, आणि तो शब्द 'एस्पान्योल'वरून आलेला आहे. कारण १८३० च्या दशकात हवाईच्या राजाने गुरे आवरायला शिकवण्यासाठी कॅलिफोर्नियातून वाकेरो बोलावले होते. इकुआ पर्डी नावाच्या पानिओलोने परक्या, उसन्या घोड्यावर बसून दोर फेकून गुरे बांधण्याची जागतिक स्पर्धा जिंकली. जिथे दर वर्षी काउबॉय दिनाला 'अमेरिकी' वारशाची आठवण केली जाते, तिथे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाच्या माणसाने मुख्य भूमीच्या भल्याभल्यांना हरवले होते.

वायोमिंगने हा दिवस पहिल्यांदा कायम केला, म्हणून वायोमिंगचीच एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. १८८० च्या दशकात तिथल्या मोठ्या गुरेमालकांच्या संघटनेचा नियम असा होता की ज्या काउबॉयने स्वतःची चार गुरे पाळली त्याला कोणी कामावर ठेवायचे नाही. कारण स्वतःची गुरे असलेला माणूस मालकाचे वासरू आपल्या डागाखाली घालील, हा संशय. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या कळपामागे जायचे आणि आपले वासरूही ठेवायचे नाही. ज्यांनी हे मानले नाही ते चोर ठरले. ५ एप्रिल १८९२ रोजी शायेनच्या स्थानकावरून एक खास गाडी निघाली. तिच्यात सुमारे पन्नास बंदूकधारी होते. त्यांतले निम्मे टेक्सासहून दिवसाला ५ डॉलर ठरवून आणलेले होते. काउबॉयची मजुरी दिवसाला एक डॉलर आणि काउबॉयला मारणाऱ्याची पाच, असा तो हिशेब होता. ९ एप्रिलला जॉन्सन काउंटीतल्या केसी रँचवर त्यांनी नेट चँपियन या काउबॉयला त्याच्या झोपडीत घेरले. त्याचा जोडीदार निक रे सकाळीच गोळी लागून पडला आणि मेला. चँपियनने दिवसभर एकट्याने झुंज दिली आणि मधल्या उसंतीत छोट्या वहीत काय घडते आहे ते लिहून ठेवले. शेवटी घर पेटवल्याची नोंद करून, मित्रांचा निरोप घेऊन तो बाहेर धावला आणि गोळ्यांनी चाळणी होऊन पडला. वही राहिली. पुढे गावकऱ्यांनी त्या हल्लेखोरांना घेरले तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने घोडदळ धावून आले, ते हल्लेखोरांना वाचवायला. कोणालाही शिक्षा झाली नाही.

काउबॉय दिन असावा की नसावा, या प्रश्नावर माझे मत असावा असेच आहे. पण तो गुणांच्या यादीऐवजी त्या वहीवर उभा राहिला असता तर मला अधिक आवडले असते. अर्जेंटिनाने तसे काहीसे केले आहे. तिथल्या गुराख्याला गाऊचो म्हणतात, आणि राष्ट्रीय गाऊचो दिन ६ डिसेंबरला असतो. ज्या दीर्घकाव्याच्या १८७२ मधल्या प्रकाशनाची ती आठवण आहे, त्याचा नायक सद्गुणांचा पुतळा नाही. सरकारने जबरदस्तीने सरहद्दीवरच्या ठाण्यात नेलेला, पगार न मिळालेला, पळून गेलेला आणि फरारी झालेला तो गुराखी आहे. म्हणजे तिथे सरकार एका तक्रारीचा वाढदिवस साजरा करते.

आता वशिंडाकडे येतो. संध्याकाळी खेळ सुरू झाला तेव्हा निवेदकाने भोंग्यावरून 'ब्राह्मा बुल' असा पुकारा केला. अण्णांनी माझ्याकडे वळून विचारले, "काय म्हणाला?" मी सांगितले. ते इतके हसले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिले. घरी आल्यावर मी शोधले. अमेरिकेच्या दक्षिणेतला उकाडा आणि गोचीड युरोपी गुरांना सोसत नसत, म्हणून १८५४ ते १९२६ या काळात भारतीय वंशाचे सुमारे २६६ वळू आणि अवघ्या २२ गायी इकडे आल्या. त्यांतून घडवलेल्या जातीची नोंद ठेवणारी संघटना १९२४ मध्ये निघाली आणि तिने 'ब्राह्मन' हे नाव पक्के केले. मूळ जाती चार सांगतात: गीर, कांकरेज, ओंगोल आणि चौथी कृष्णाखोरी. ही चौथी जात आमच्या नदीची आहे. १८८० च्या सुमारास दक्षिणेतल्या मराठा संस्थानिकांनी कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात नांगर ओढायला दांडगा, संथ बैल हवा म्हणून ती जोपासली. आज आमच्या सांगली भागात तिचे शुद्ध जनावर शोधावे लागते. तिचे रक्त मात्र वायोमिंगच्या मैदानात आठ सेकंदांसाठी कोणाला तरी पाठीवर घेऊन उसळत असते.

कारण खेळ आठ सेकंदांचाच आहे. एक हात दोरात अडकवलेला, दुसरा हवेत, आणि हा हवेतला हात जनावराला लागला की बाद. याच मैदानात ३० जुलै १९८९ रोजी लेन फ्रॉस्ट या पंचवीस वर्षांच्या विश्वविजेत्याने आठ सेकंद पूर्ण केली, तो उतरला आणि वळूने मागून दिलेल्या धडकेने तिथेच गेला. मैदानाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. त्यानंतर स्वारांच्या अंगात जाड संरक्षक जाकिटे आली. अण्णांना हा खेळ आवडला नाही. त्यांचा आक्षेप धोक्याला नव्हता. सणाच्या दिवशी जनावराला कामाला जुंपायचे नसते, एवढेच ते म्हणाले.

त्यांचा सण म्हणजे बेंदूर. आमच्याकडे तो आषाढात, पौर्णिमेच्या आगेमागे येतो, म्हणजे बहुधा याच जुलैत. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचे आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचे, "आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी शिंगांना हुरमुंज, बेगड, गोंडे, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळी. बैलाच्या खांद्याचा घट्टा हा त्या सणाचा खरा मानकरी आहे. कोणत्याही गुणाचे नाव न घेता कामाची खूण जिथे उमटली तिथे हात फिरवणारा हा विधी मला सिनेटच्या ठरावापेक्षा शहाणा वाटत आला आहे. मात्र त्या रात्री परतताना मला जाणवले की बेंदरात बैल आहे, मालक आहे, मालकीण औक्षण करते आहे, आणि गुराखी कुठेच नाही.

आमच्या वस्तीचा गुराखी होता. सगळे त्याला तात्या म्हणत. सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाळी द्यायचा. दावी सुटायची आणि घराघरातली जनावरे त्याच्यामागे गायरानाकडे जायची. जनावरामागे वर्षाला काही पायल्या जोंधळा आणि पाळीने एकेका घरची भाकरी, हा त्याचा मोबदला. कोणती गाय गाभण आहे, कोणत्या खोंडाचे खूर दुखते, कोणती म्हैस परक्या रानात शिरणार, हे त्याला मालकाआधी कळायचे. बेंदराला दुसऱ्यांच्या बैलांची शिंगे तो रंगवायचा, कारण त्याचा हात बसलेला होता. त्याचे स्वतःचे जनावर नव्हते. गायरानावर घरे उठली तेव्हा त्याचे काम संपले, आणि त्याचे खरे नाव काय होते ते मला आजही सांगता येत नाही.

रोडिओ संपल्यावर अण्णा पुन्हा वाडग्याकडे गेले. दिवे लागले होते, लोक गाडीतळाकडे पांगत होते. पन्नाशीचा एक माणूस रबरी नळीने हौदात पाणी सोडत होता. त्याच्या डोक्यावर स्टेटसन नव्हती, घामाने काळपट झालेली साधी टोपी होती, आणि डाव्या हाताचा अंगठा पेरापासून तुटलेला होता. दोराला वेढा देताना अंगठा मधे आला की असे होते, हे मला पुढे कोणी सांगितले. त्याने मला पाहून मान हलवली. तो वळू पाण्याला आला, आणि त्या माणसाने न बघता त्याच्या वशिंडामागे दोन थापा दिल्या. अण्णांनी ते पाहिले.

"विचार त्याला, रोज किती मिळतो?"

मी म्हटले, "अण्णा, इथे असं विचारत नाहीत."

"मग काय विचारत्यात?"

मी त्या माणसाला विचारले की हा वळू कोणत्या जातीचा आहे. त्याने सांगितले. अण्णांचे म्हणणे खरे होते एवढे मला कळले, बाकीचे शब्द वाऱ्यात गेले. आम्ही त्याचे आभार मानून निघालो.

परतीच्या वाटेवर कोलोरॅडोची हद्द येईपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना अंधारात तारेच्या कुंपणाचे खांब एकामागून एक मागे पडत होते. मग ते म्हणाले, "बेंदराला तात्याला आपण काय देत हुतो, आठवतंय?"

"धोतर," मी म्हटले.

"हूं," अण्णा म्हणाले. "ते बी दर साली न्हाई."